फिनलंडचा २० वर्षांखालील आइस हॉकी संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ उलटला की २० वर्षांखालच्या मुलांची जागतिक आइस हॉकी स्पर्धा सुरू होते आणि फिनलंडबद्दलचे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. एवढासा देश सुवर्ण कसं जिंकतो, १९८७ला नक्की काय झालं, २०१७ला काय बिघडलं होतं. वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहिती आहे, मग पदकांचा हिशेब आणि शेवटी ज्यांवरून वाद होतात ते अपवाद. सगळे आकडे २०२५च्या स्पर्धेपर्यंतचे आहेत.

१. ‘फिनलंडचा ज्युनियर संघ’ म्हणजे नेमका कोणता? १८ वर्षांखालचा की २० वर्षांखालचा?

नुसतं ‘वर्ल्ड ज्युनियर्स’ म्हटलं की २० वर्षांखालच्या पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा समजायची. या पानावर सगळीकडे तोच संघ अभिप्रेत आहे. फिनलंडमध्ये त्याला ‘नुओरेत लेयोनात’, म्हणजे तरुण सिंह म्हणतात, कारण राष्ट्रीय संघाच्या जर्सीवर सिंहाचं चिन्ह असतं.

१८ वर्षांखालच्यांची स्पर्धा वेगळी असते आणि ती एप्रिलच्या आसपास होते. ती १९९९ साली सुरू झाली. पहिल्या दोन्ही वेळा, १९९९ आणि २०००मध्ये, फिनलंडच जिंकला. नंतर २०१६ आणि २०१८मध्येही जिंकला. ही चार सुवर्णपदकं प्रश्न ५ मधल्या हिशेबात धरलेली नाहीत. दोन्ही स्पर्धांची पदकं एकत्र करून सांगणारे बरेच भेटतात, त्यामुळे आकडा ऐकला की आधी वयोगट विचारून घ्या.

२. मी फक्त आपली हॉकी पाहिली आहे. सामना समजायला किमान काय माहीत हवं?

बर्फावर प्रत्येकी सहा जण असतात: पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे ‘सहा सेकंद उरले’ याचा अर्थ खरोखरच खेळाचे सहा सेकंद उरले. खेळाडू सारखे बदलत राहतात आणि एक तुकडी साधारण पाऊण मिनिटात बाहेर येते. नियम मोडला तर सहसा दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं आणि तोवर संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. एवढं कळलं की पहिला सामना आरामात पाहता येतो.

३. वयाची अट नक्की काय? २० वर्षं पूर्ण झालेला मुलगा खेळतो का?

अट जन्मवर्षावर ठरते. स्पर्धा २६ डिसेंबरला सुरू होऊन ५ जानेवारीच्या आसपास संपते आणि ती ज्या वर्षी संपते त्या वर्षाच्या नावानं ओळखली जाते. २०२५च्या स्पर्धेत २००५ किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू चालत होते. १ जानेवारी २००५ला जन्मलेला मुलगा स्पर्धा सुरू होताना १९चा आणि संपताना २०चा असतो, आणि त्याचं खेळणं नियमात बसतं. याला एक मोठा अपवाद आहे, तो प्रश्न १९ मध्ये.

एकच खेळाडू दोन-तीन वर्षं खेळू शकतो, पण १७ वर्षांच्या मुलाला १९ वर्षांच्यांसमोर उभं राहायचं असतं. या वयात दोन वर्षांचा फरक अंगापिंडात स्पष्ट दिसतो. म्हणूनच प्रश्न ९ मधल्या दोन १७ वर्षांच्या मुलांची गोष्ट विशेष आहे.

४. स्पर्धेचा आराखडा कसा असतो?

दहा संघ, पाच-पाचचे दोन गट. प्रत्येक गटातले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. दोन्ही गटांत तळाला राहिलेल्या संघांना आपापसांत खेळून ठरवावं लागतं की खालच्या विभागात कोण जाणार. आता तो एकच सामना असतो. २०१७ साली तीनपैकी दोन जिंकावे लागत.

निर्धारित वेळेतल्या विजयाला तीन गुण, जादा वेळेतल्या विजयाला दोन आणि जादा वेळेत हरणाऱ्याला एक. हल्ली जादा वेळेत दोन्ही बाजूंनी तीन-तीनच खेळाडू उतरतात. बर्फ मोकळा होतो आणि एका चुकीवर सामना संपू शकतो.

उपांत्य आणि अंतिम सामने १९९६पासून आहेत. त्याआधी सगळे एकमेकांशी खेळायचे आणि गुणतक्त्यावर पदकं ठरायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न ७ त्याशिवाय समजणार नाही.

५. एकूण पदकं किती?

सुवर्ण पाच: १९८७, १९९८, २०१४, २०१६, २०१९.
रौप्य सहा: १९८०, १९८१, १९८४, २००१, २०२२, २०२५.
कांस्य सात: १९८२, १९८८, २००२, २००३, २००४, २००६, २०२१.

एकूण अठरा. सुवर्णांच्या यादीत फिनलंड चौथा येतो. कॅनडाकडे वीस आहेत, सोव्हिएत संघ आणि रशिया मिळून तेरा, अमेरिकेकडे सात. शेजारच्या स्वीडनपेक्षा फिनलंडची सुवर्णपदकं जास्त आहेत, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं.

ही यादी सरळ वाचली तर एक गोष्ट नजरेतून सुटते. मधली वर्षं रिकामी आहेत. २००६च्या कांस्यानंतर २०१४पर्यंत एकही पदक नाही, आणि मग सहा वर्षांत तीन सुवर्ण. या संघाचा आलेख चढत जाणारा नाही, तो वर-खाली झेपा घेतो. का, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

६. एवढा छोटा देश हे कसं करतो?

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. कॅनडाशी खेळाडूंच्या संख्येत त्यांना बरोबरी करता येत नाही. पण त्यांची दोन बलस्थानं ठळक आहेत.

पहिलं म्हणजे चांगली मुलं लवकर मोठ्यांमध्ये खेळतात. कॅनडातली बहुतेक गुणी मुलं १९व्या वर्षापर्यंत ज्युनियर लीगमध्ये समवयस्कांशी खेळतात. फिनलंडमध्ये तयारीचा मुलगा १७-१८व्या वर्षी देशाच्या मुख्य लीगमध्ये, तिशीतल्या बचावपटूंसमोर उतरतो. पात्रिक लाइने ताम्पेरेच्या ताप्पाराकडून, सेबास्तियान आहो आणि येस्से पुलयुयार्वी ओउलूच्या कॅर्पातकडून, तर काप्पो काक्को तुर्कूच्या टीपीएसकडून असाच वर आला. डिसेंबरात समवयस्कांसमोर उभं राहताना त्यांना खेळ थोडा सोपा वाटायचा.

दुसरं म्हणजे गोलरक्षक. फिनलंडच्या क्लबांमध्ये गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक लहान वयोगटांपासून असतो. ही परंपरा रुजवणाऱ्यांत उर्पो युलोनेन यांचं नाव आदरानं घेतात. ते स्वतः राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक होते, नंतर तुर्कूत त्यांनी गोलरक्षक घडवले, आणि फिनिश लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा चषक त्यांच्याच नावानं दिला जातो. ज्युनियर संघाच्या यशाकडे या बाजूनं पाहा: १९८७ला मार्कुस केट्टेरर आणि २००६ला तूक्का रास्क स्पर्धेतले सर्वोत्तम गोलरक्षक ठरले, १९९८ला मिका नोरोनेन, २०१४ला युसे सारोस, २०१९ला उक्को-पेक्का लुक्कोनेन. फिनलंड सहा-सहा गोल मारून जिंकणारा संघ क्वचितच असतो. तो सामना अटीतटीचा ठेवतो, आणि सामना अटीतटीचा ठेवायला मागे भरवशाचा माणूस लागतो.

७. १९८७चं सुवर्ण भांडणामुळे मिळालं, हे खरं का? ते खरं सुवर्ण मानायचं का?

घटना खरी आहे. ४ जानेवारी १९८७, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्त्यानी गाव. शेवटचा सामना कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ. दुसऱ्या भागात कॅनडा ४-२ पुढे असताना मारामारी पेटली, दोन्ही बाजूंचे राखीव खेळाडूही बर्फावर उतरले आणि पंचांना कुणालाच आवरता येईना. शेवटी सभागृहातले दिवे बंद केले गेले. अंधारातही हाणामारी चालूच राहिली. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. सुवर्ण फिनलंडला, रौप्य चेकोस्लोव्हाकियाला, कांस्य स्वीडनला.

आता ‘फुकटचं सुवर्ण’ म्हणणाऱ्यांसाठी. त्या वेळी अंतिम सामना नव्हता (प्रश्न ४). फिनलंडचे सातही सामने आटोपले होते: पाच विजय, एक बरोबरी, एक पराभव, म्हणजे तेव्हाच्या पद्धतीनं ११ गुण. कॅनडा जिंकला असता तर त्याचेही ११ झाले असते आणि गोलफरकावर सुवर्ण मिळवायला त्याला किमान पाच गोलांनी जिंकावं लागलं असतं. खेळ थांबला तेव्हा आघाडी दोनच गोलांची होती. सोव्हिएत संघ पदकाच्या शर्यतीत नव्हताच. म्हणजे दिवे बंद झाले त्या क्षणी तक्त्यात पहिला संघ फिनलंडच होता. कॅनडानं उरलेल्या वेळात आणखी तीन गोलांची भर घातली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण हान्नू योर्तिक्का यांच्या मुलांनी आपले सात सामने खेळून पहिला क्रमांक गाठला होता. त्या पदकासमोर मी तरी प्रश्नचिन्ह लावणार नाही.

८. मग अंतिम सामना जिंकून मिळवलेलं पहिलं सुवर्ण कोणतं?

१९९८चं, आणि तेही घरच्या मैदानावर. हेलसिंकीत रशियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी होती. जादा वेळेत निक्लास हागमाननं गोल केला आणि निकाल २-१. त्या संघातला ओल्ली योकिनेन स्पर्धेतला सर्वोत्तम आक्रमक ठरला. पुढे तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक लीगमध्ये, १२००हून अधिक सामने खेळला. त्याच स्पर्धेत कॅनडा कझाकस्तानकडून हरून आठवा आला होता, म्हणून कॅनडात त्या वर्षाची आठवण काढायला कुणी फारसं उत्सुक नसतं.

९. २०१६च्या संघाला सगळ्यात भारी म्हणतात, ते का?

एका फळीमुळे, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तीन आक्रमकांमुळे. मध्ये आहो, एका बाजूला लाइने, दुसऱ्या बाजूला पुलयुयार्वी. आहो १८ वर्षांचा, उरलेले दोघं १७चे. पुलयुयार्वीचे १७ गुण, आहोचे १४, लाइनेचे १३ (गोल आणि गोलसाठीचा पास, दोन्हींना प्रत्येकी एक गुण). लाइनेच्या १३ गुणांत सात गोल होते. तिघांचे मिळून ४४. पुलयुयार्वी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्पर्धा हेलसिंकीत होती, प्रशिक्षक युक्का यालोनेन, कर्णधार मिक्को रांतानेन.

उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाला ६-५, उपांत्य फेरीत स्वीडनला २-१. मग रशियाविरुद्ध अंतिम सामना. त्याची शेवटची मिनिटं सविस्तर सांगण्यासारखी आहेत. सामना २-२ असताना शेवटच्या भागात साधारण दोन मिनिटं बाकी राहिली आणि रांतानेननं ३-२ केलं. सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. रशियानं गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवला, आणि अवघे सहा सेकंद उरले असताना आंद्रेई स्वेत्लाकोव्हनं बरोबरी साधली. घरच्या प्रेक्षकांसमोर, सहा सेकंदांवर आलेलं सुवर्ण हातातून निसटलं होतं. एवढ्या तरुण मुलांचा संघ तिथे कोलमडला असता तर कुणी दोष दिला नसता. पण जादा वेळेच्या दुसऱ्याच मिनिटाला कास्पेरी कापानेन पक घेऊन जाळ्याच्या मागून वळला आणि गोलरक्षक दुसऱ्या खांबाकडे सरकायच्या आत त्यानं पक आत ढकलला. ४-३.

तीन महिन्यांनी १८ वर्षांखालचं सुवर्णही फिनलंडलाच मिळालं आणि अंतिम सामन्यात पुलयुयार्वीनं तीन गोल केले. त्या जूनमध्ये एनएचएलच्या निवडीत (तिथे क्लब आळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात) लाइने दुसरा, पुलयुयार्वी चौथा आणि याच संघातला बचावपटू ओल्ली युओलेव्ही पाचवा निवडला गेला.

१०. मग लगेच पुढच्याच वर्षी काय झालं?

२०१७ हे या संघाच्या इतिहासातलं सगळ्यात कठीण वर्ष. कॅनडात स्पर्धा होती, गतविजेते म्हणून गेले आणि पहिले तिन्ही सामने हरले: चेक संघाकडून १-२, डेन्मार्ककडून २-३, स्वीडनकडून १-३. गतविजेता तळाच्या संघांबरोबर टिकून राहण्यासाठी खेळतोय, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. तीन पराभवांनंतर स्पर्धा चालू असतानाच मुख्य प्रशिक्षक युक्का राउताकोर्पी यांना दूर करण्यात आलं आणि युस्सी आहोकास यांच्याकडे संघ आला. स्वित्झर्लंडला २-० हरवलं, पण उपांत्यपूर्व फेरीची वाट तोवर बंद झाली होती. शेवटी लॅटव्हियाला २-१ आणि ४-१ हरवून जागा वाचवली.

कारण शोधायला फार लांब जायला नको. गटातल्या चार सामन्यांत मिळून सहा गोल. आदल्या वर्षीची ती फळी वयानं अजून पात्र होती, पण तिघंही उत्तर अमेरिकेत आपापल्या क्लबांकडे होते (प्रश्न १३). रांतानेन आणि कापानेन वयातून बाहेर गेले होते. छोट्या देशाकडे पहिली फळी मिळेल, तिच्या जागी तोलामोलाची दुसरी फळी तयार असेलच असं नाही. २०१६चं सुवर्ण आणि २०१७चा नववा क्रमांक, दोन्हींची मुळं तिथेच आहेत. यासाठी एकट्या प्रशिक्षकाला जबाबदार धरणं मला पटत नाही.

११. २०१९ला कॅनडाला कॅनडातच कसं हरवलं?

उपांत्यपूर्व फेरी, व्हँकुव्हर, २ जानेवारी २०१९. प्रशिक्षक तेच आहोकास, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी बुडता संघ हातात घेतला होता. कॅनडा १-० पुढे. ४७ सेकंद उरले असताना अलेक्सी हेपोनिएमीनं बरोबरी साधली. जादा वेळेत कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला, म्हणजे मॅक्स कॉम्तुआ आणि गोलरक्षक लुक्कोनेन, दोघंच समोरासमोर. लुक्कोनेननं अडवला. थोड्या वेळानं नोआ डॉब्सनसमोर जवळजवळ उघडं जाळं होतं. त्यानं फटका मारायला स्टिक खाली आणली आणि स्टिकच मोडली. पक सुटला, फिनलंडची मुलं उलट दिशेला धावली आणि तोनी उतुनेननं गोल केला. २-१. कॅनडात भरलेल्या वर्ल्ड ज्युनियर्समध्ये कॅनडा पदकाविना राहिला, असं प्रथमच घडलं.

स्वित्झर्लंडला ६-१ हरवून फिनलंड अंतिम फेरीत आला. समोर अमेरिका, जिच्याकडून ते गटात हरले होते. फिनलंडनं २-० आघाडी घेतली, अमेरिकेनं दोन मिनिटांच्या आत दोन्ही गोल फेडले. सामना जादा वेळेत जाणार असं वाटत असताना, शेवटची १ मिनिट २६ सेकंद उरलेली, जाळ्यासमोरच्या गर्दीत १७ वर्षांच्या काक्कोनं सुटलेला पक गाठला. ३-२.

काक्को आदल्या वर्षी १८ वर्षांखालच्या विजेत्या संघात होता. २०१९च्या मे महिन्यात तो मोठ्यांच्या विजेत्या संघातही होता. तिन्ही वयोगटांतली जागतिक सुवर्णं, वयाची १९ वर्षं पूर्ण व्हायच्या आत.

१२. फिनलंडच्या फायनल नेहमी अटीतटीच्या होतात, की तसा फक्त भास होतो?

भास नाही. अंतिम सामन्याची पद्धत आल्यापासून २०२५पर्यंत फिनलंडनं सात अंतिम सामने खेळले आणि सातही एका गोलाच्या फरकानं सुटले:

१९९८: रशियावर २-१, जादा वेळेत.
२००१: चेक संघाकडून १-२.
२०१४: स्वीडनवर ३-२, जादा वेळेत.
२०१६: रशियावर ४-३, जादा वेळेत.
२०१९: अमेरिकेवर ३-२.
२०२२: कॅनडाकडून २-३, जादा वेळेत.
२०२५: अमेरिकेकडून ३-४, जादा वेळेत.

सात सामन्यांत फिनलंडचे १८ गोल, प्रतिस्पर्ध्यांचे १७. चार सुवर्णं आणि तीन रौप्यं यांच्यामधलं अंतर एवढंच. म्हणून नुसतं सुवर्ण मोजून ‘हा संघ यशस्वी, तो अपयशी’ असा निवाडा करणं मला अन्यायाचं वाटतं. २०२२च्या संघाचंच पाहा. दोन गोलांची पिछाडी भरून काढली, जादा वेळेत तोपी निएमेलाचा फटका गोलरक्षकाला ओलांडून गेला, पक हवेत होता आणि गोलरेषेच्या तोंडाशी मेसन मॅक्टाव्हिशनं स्टिकनं तो खाली पाडला. पुढच्याच काही क्षणांत केंट जॉन्सननं दुसऱ्या टोकाला गोल केला. पक बोटभर पुढे पडला असता तर त्या मुलांच्या गळ्यात सुवर्ण असतं. २०२५च्या संघानं ओटावात ३-१ आघाडी घेतली होती. अमेरिकेनं ती भरून काढली आणि टेडी स्टिगानं जादा वेळेत संपवलं. गटात याच अमेरिकेला फिनलंडनं ४-३ असं, जादा वेळेतच हरवलं होतं.

१३. बरकॉव्ह, हेइस्कानेन यांच्यासारखे खेळाडू यादीत का दिसत नाहीत?

एनएचएलच्या क्लबांवर खेळाडू सोडण्याचं बंधन नाही. डिसेंबर-जानेवारी म्हणजे त्यांच्या हंगामाचा मध्य. मुख्य संघात पक्का झालेला मुलगा सहसा सोडला जात नाही. २०१४ला अलेक्सांदर बरकॉव्ह फ्लोरिडाकडे होता, २०१९ला मिरो हेइस्कानेन डॅलसकडे आणि येस्पेरी कोत्कानिएमी माँट्रियालकडे. वयात तिघंही बसत होते.

कधी उलटही होतं. २०१४ला बफेलोनं रास्मुस रिस्तोलाइनेनला सोडलं आणि अंतिम सामन्यातला निर्णायक गोल त्याचाच. २०१६ला टोरांटोच्या दुय्यम संघानं कापानेनला सोडलं, त्याचं काय झालं ते प्रश्न ९ मध्ये आहे. म्हणून जाहीर झालेली यादी कच्चीच समजावी. कोण सुटणार हे कळेपर्यंत कुठलाच अंदाज बांधू नये.

१४. स्वीडनशी एवढी चुरस का?

शेजार, जुना इतिहास आणि दरवर्षीची गाठ. ज्युनियरांपुरतं सांगायचं तर ५ जानेवारी २०१४ची संध्याकाळ पुरेशी आहे. माल्मोत, स्वीडनच्या घरी, स्वीडनविरुद्ध अंतिम सामना. कार्री किव्ही प्रशिक्षक, तेउवो तेरॅव्हॅइनेन कर्णधार. जाळ्यात सारोस, ज्याला उंचीनं लहान म्हणून अनेकांनी मागे ठेवलं होतं. जादा वेळेत रिस्तोलाइनेननं गोल केला आणि सभागृहातला स्वीडिश समर्थकांचा पिवळा भाग एकदम गप्प झाला. पुढे २०१६ आणि २०२५च्या उपांत्य फेरीतही फिनलंड जिंकला. २०२४ला मात्र गोटेबोर्गमध्ये गटातल्या सामन्यात स्वीडननं पेनल्टी शॉट्सवर बाजी मारली आणि मग फिनलंडचं कांस्यही चेक संघाकडे गेलं.

१५. एका स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण कुणाचे?

फिनलंडकडून राइमो हेल्मिनेन, १९८४: सात सामन्यांत ११ गोल आणि १३ पास, एकूण २४ गुण. स्पर्धेचा तो विक्रम १९९३ला स्वीडनच्या पेटर फोर्सबर्गनं मोडेपर्यंत टिकला. हेल्मिनेन पुढे सहा ऑलिंपिक खेळला, १९८४ ते २००२. १९८०च्या रौप्यविजेत्या संघात यारी कुर्री होता, तोच पुढे एडमंटनमध्ये वेन ग्रेट्स्कीच्या शेजारी खेळून जगप्रसिद्ध झाला.

१६. इथे चमकलेला मुलगा पुढे मोठा खेळाडू होतोच का?

नाही. २०१६च्या फळीत सर्वोत्तम ठरलेल्या पुलयुयार्वीची एनएचएलमधली वाट दुखापतींनी आणि सततच्या बदलांनी खडतर झाली. निवडीत ३५व्या क्रमांकावर घेतलेला आहो कॅरोलायनाचा आधारस्तंभ बनला. रांतानेन २०२२ला कोलोराडोबरोबर एनएचएलचा स्टॅन्ली चषक जिंकला. दहा दिवसांच्या स्पर्धेवरून १७ वर्षांच्या मुलाचं भविष्य सांगायला जाऊ नये, आणि त्याच्यावर अपेक्षांचं ओझंही लादू नये.

१७. फिनलंड कधी खालच्या विभागात गेला आहे का?

कधीच नाही. १९७७पासून प्रत्येक स्पर्धा त्यांनी वरच्या विभागातच खेळली आहे. २००९, २०१३ आणि २०१७ला टिकून राहण्याच्या लढतीत उतरावं लागलं, तिन्ही वेळा ते टिकले.

१८. काही याद्यांमध्ये १९७४, १९७५, १९७६ ही वर्षंही दिसतात. ती का धरली नाहीत?

त्या तीन स्पर्धा निमंत्रितांच्या होत्या, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अधिकृत हिशेबात नाहीत. कॅनडासारख्या देशानं तर राष्ट्रीय संघाऐवजी क्लबचा संघही पाठवला होता. अधिकृत मोजणी १९७७पासून होते. दोन याद्यांतले आकडे जुळत नसतील तर पहिल्यांदा हेच तपासा.

१९. २०२२ची स्पर्धा ऑगस्टमध्ये होती, म्हणजे वयाची अट मोडली का?

स्पर्धा २६ डिसेंबर २०२१ला एडमंटन परिसरात सुरू झाली, पण कोविडमुळे सामने सोडून द्यावे लागले आणि २९ डिसेंबरला ती रद्द झाली. मग ऑगस्ट २०२२मध्ये सगळी पहिल्यापासून घेतली. आधीचे निकाल धरले नाहीत. वयाची अट मात्र मूळचीच ठेवली: २००२ किंवा नंतर जन्मलेले. त्यामुळे २० वर्षं पूर्ण झालेले अनेक जण नियमानुसारच खेळले. फिनलंडचं ते रौप्य २०२२चंच, आणि पुढच्या डिसेंबरात सुरू झालेली स्पर्धा २०२३ची. एकाच कॅलेंडर वर्षात दोन वर्ल्ड ज्युनियर्सचे सामने दिसतात, ते यामुळे.

२०. अंतिम सामन्याची तारीख कुठे ५ जानेवारी, कुठे ६ जानेवारी लिहिलेली असते. बरोबर कोणती?

स्थानिक तारीख प्रमाण मानतात, या पानावरही तीच आहे. २०२५चा अंतिम सामना ओटावात ५ जानेवारीच्या संध्याकाळी झाला, आपल्याकडे तेव्हा ६ तारखेची पहाट होती. हिवाळ्यात ओटावा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, व्हँकुव्हर साडेतेरा तास, स्वीडन साडेचार आणि फिनलंड साडेतीन. स्पर्धा युरोपात असेल तर संध्याकाळचे सामने आपल्याकडे रात्री उशिरा लागतात. उत्तर अमेरिकेत असेल तर गजर लावूनच झोपा.